हळदीत औषध आहे, तर मग रेणू बदलायचा कशाला?

आसनाकाठ

मंडळी, घरातल्या वादातून हा धागा निघालाय. भाचा नांदेडला रसायनशास्त्रात पीएचडी करतोय. विषय ‘कर्क्युमिनचे कृत्रिम अनुरूप रेणू आणि त्यांची जैविक चाचणी’, म्हणजे हळदीतल्या कर्क्युमिन या पदार्थासारखेच पण थोडे बदललेले रेणू प्रयोगशाळेत बनवायचे आणि तपासायचे. दाजींची वसमतजवळ हळद आहे, सगळी सेलम जातीची. परवा जेवताना दाजींनी त्याला सरळ विचारलं, “आपल्या हळदीत कॅन्सरपर्यंतचं औषध आहे म्हणतात, मग तू तिच्यात मोडतोड कामून करायलास?” भाच्याने बेंझिन रिंगपासून सुरुवात केली आणि ताट निवेपर्यंत कुणाला काही कळलं नाही.

माझं वैयक्तिक मत दाजींकडे झुकणारं आहे. निसर्गाने दिलेलं फुकट आहे, त्याचं पेटंट मिळत नाही. म्हणून जरा इकडचं तिकडं करायचं, नवीन नाव द्यायचं आणि शंभर रुपयांची गोळी विकायची, असा हा प्रकार वाटतो. शिवाय अशा रेणूंपैकी खरोखर औषध होऊन मेडिकलच्या दुकानात पोचलेलं काही आहे का, की सगळं प्रबंधातच राहतं? आणि दाजींचा खरा प्रश्न: उद्या हे कारखान्यात बनायला लागलं तर हळदीच्या भावाचं काय?

जाणकारांनी सोप्या भाषेत सांगा. बेंझिन रिंग नको.

कोरडवाहू

पेटंट. उत्तर संपलं. पुढचा धागा सोयाबीनच्या भावावर काढा.

टीएलसी_प्लेट

कोरडवाहू, इतकं सोपं असतं तर माझी पाच वर्षं वाचली असती. मी याच धंद्यातली, संभाजीनगरला पीएचडी केली, आता शिकवते. रिंग न काढता सांगायचा प्रयत्न करते.

वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. जात आणि जमीन बदलली की थोडं खाली-वर. म्हणजे चमचाभर हळदीत ते चिमटीतही येणार नाही एवढंच. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. पोटात गेलं तरी आतड्यातून रक्तात फारसं उतरत नाही, आणि जे उतरतं त्याला यकृत लगेच साखरेसारखे गट चिकटवून बाहेरची वाट दाखवतं. सगळ्यात वाईट म्हणजे त्याचा टिकाऊपणा. रक्ताइतक्या सामूच्या (पीएचच्या) साध्या बफर द्रावणात, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, शरीराच्या तापमानाला ठेवलं तर अर्ध्या तासात जवळपास ९० टक्के मोडून जातं. रक्ताचा सीरम घातला तर जरा जास्त तग धरतं, पण फार नाही.

आता हे का मोडतं ते माहीत आहे. रेणूच्या दोन टोकांना दोन कडी आहेत आणि मधे दोन ऑक्सिजनवाला एक नाजूक भाग. मोडतोड तिथून सुरू होते. म्हणून बरेच जण तो मधला भाग काढून तिथे एकच ऑक्सिजन ठेवतात, टोकं तशीच. हा नवा रेणू जास्त टिकतो. अमेरिकेत एमरी विद्यापीठात याच कल्पनेवर ईएफ२४ नावाचा रेणू केला आणि पेशींवर तो कर्क्युमिनपेक्षा कितीतरी कमी मात्रेत काम करताना दिसला. भाचा बहुतेक याच वाटेवर असणार.

आमच्या प्रयोगशाळेत हे कसं चालतं तेही सांगते, दाजींना सांगायला बरं. गोल बुडाच्या काचेच्या फ्लास्कमध्ये एक कीटोन, दोन भाग ॲल्डिहाइड, अल्कोहोल, थोडा कॉस्टिक सोडा. चुंबकाची कांडी टाकून रात्रभर फिरवायचं. सकाळी आलात की खाली पिवळा गाळ. तो गाळायचा, धुवायचा, गरम अल्कोहोलमधून पुन्हा स्फटिक पाडायचे. मग टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे दाखवणारी पातळ पट्टी) ठिपका देऊन अतिनील दिव्याखाली धरायची. एकच ठिपका दिसला तर चहा, दोन दिसले तर पुन्हा कॉलममधून शुद्ध करणं. हात मात्र आठवडाभर पिवळे, लग्न झाल्यासारखे.

सुगरण_जालना

म्हणजे आमचं हळदीचं दूध वायाच की काय? आमच्या सासूबाईंना हे वाचून दाखवायची हिंमत माझ्यात नाही.

कोरडवाहू

दूध तरी पोटात जातं की. पाच वर्षांत तुमच्या पिवळ्या गाळाने कोण बरं झालं?

टीएलसी_प्लेट

कुणीच नाही. खोटं कशाला बोलू.

वनौषधी_किनवट

मला इथे आक्षेप आहे. मी बीएएमएस, किनवट भागात दवाखाना. आयुर्वेदाने हळद एकटी कधी दिलीच नाही. तुपाबरोबर, दुधाबरोबर, मिरी-पिंपळीबरोबर दिली. आधुनिक शास्त्रालाही हे नंतर कळलं: १९९८ मध्ये बंगळूरच्या अभ्यासात कर्क्युमिनबरोबर मिरीतलं पायपेरीन दिलं तर रक्तातलं प्रमाण माणसात २००० टक्के वाढलं. रेणू न बदलता! तुम्ही एका वनस्पतीतल्या शेकडो घटकांतून एक उचलता, तो नीट चालत नाही म्हणून त्यालाच तोडता-जोडता आणि मग वनस्पतीलाच नावं ठेवता. हळदीत कर्क्युमिनशिवाय तेल आहे, टर्मेरोन आहेत, त्यांचं काय?

टीएलसी_प्लेट

वैद्यबुवा, वनस्पतीला नाव कुठे ठेवलं? एकाच घटकावर नजर खिळवायची खोड आमच्या लोकांना आहे, हे कबूल. पण २००० टक्क्यांचा आकडा जाहिरातवाले सांगतात तसा घेऊ नका. जवळपास शून्याचे वीसपट केले तरी रक्तात फार काही येत नाही, आणि तो परिणामही तासाभरात ओसरला होता. पायपेरीन हे करतं कसं, तर शरीराची बाहेर टाकायची यंत्रणा मंद करून. त्या यंत्रणेवर बीपीच्या, फिटच्या गोळ्याही अवलंबून असतात. आणि हळद-मिरीच्या दाट अर्काच्या गोळ्या म्हणजे भाजीतली हळद नव्हे. इटलीत २०१९ मध्ये अशा गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला सूज येण्याच्या बऱ्याच घटना नोंदल्या गेल्या, तिथल्या आरोग्य खात्याने इशारा दिला.

सुगरणताई, दूध प्या हो. चव चांगली आहे.

वनौषधी_किनवट

त्या अर्काच्या गोळ्यांबद्दल माझंही तेच मत आहे. पण त्या आयुर्वेद नव्हेत, हेही लिहा की.

शंकरपाळी

पेटंटचा विषय निघालाच आहे तर. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरायला हळद’ यावर पेटंट मिळालं होतं. डॉ. माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक. त्यांनी ते आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुरावा म्हणून दिले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आपल्या आज्या ज्यासाठी हळद दाबून बसवायच्या त्याचंच पेटंट! त्यामुळे आसनाकाठ यांची शंका अगदीच हवेतली नाही.

वाळूज_शिफ्ट

हळदीचं पेटंट रद्द झालं ते आधीपासून माहीत होतं म्हणून. नवा रेणू आधी जगात नव्हताच, त्यामुळे त्यावर पेटंट मिळू शकतं, आणि कंपन्यांना हे आवडतं हे उघड आहे. मी औषध कंपनीत क्वालिटीला आहे, कंपनीची बाजू घ्यायची हौस नाही. पण भारतात पेटंट कायद्याचं कलम ३(ड) आहे. माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं रूप बदललं, गुण वाढला नाही, तर पेटंट नाही. २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाच्या खटल्यात हेच सांगितलं.

आता मूळ प्रश्न, दुकानात पोचलेलं काही आहे का. आसनाकाठ, तुमच्या घरात कुणाला शुगर आहे का? मराठवाड्यात आहे, म्हणजे असणारच. मेटफॉर्मिन घेतात ना? त्याचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या शेंगवर्गी झाडात. त्यातल्या ग्वानिडीन जातीच्या पदार्थांनी साखर उतरते हे कळलं, पण ते विषारी. त्यांच्याशी नातं असलेला मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत बनला आणि तसाच पडून राहिला. १९५७ मध्ये पॅरिसचे डॉ. जाँ स्टर्न यांनी तो रुग्णांना दिला. अमेरिकेने मान्यता दिली ती १९९४ मध्ये. आज ही गोळी कुणाच्या पेटंटखाली नाही, दोन-तीन रुपयांत मिळते. शंभर रुपये कुठले?

ॲस्पिरिन विलोच्या सालीवरून, सगळ्यांना माहीत आहे. क्विनाइनवरून क्लोरोक्विन. मलेरियाचंच अजून एक: चीनच्या तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं त्या आर्टेमिसिनिनमध्ये ऑक्सिजनचा एक पूल आहे, मलेरियाचा जंतू मारतो तो पूल. रॅनबॅक्सीने तो पूल ठेवला, बाकी सांगाडा पूर्ण बदलला आणि २०१२ मध्ये आर्टेरोलेन बाजारात आणलं. त्याला झाड लागतच नाही. झाडावर अवलंबून असलं की एका वर्षी पीक बुडतं आणि औषधाचा भाव चढतो, दुसऱ्या वर्षी सगळे तेच लावतात आणि शेतकरी बुडतो.

कोरडवाहू

शेवटचं वाक्य कांद्यावर लिहिलंय की काय?

बालाघाटचा

आमच्याकडं धारूर-अंबाजोगाई पट्ट्यात सीताफळ. दोन-तीन वर्षांपासून मोबाइलवर एक मेसेज फिरतोय की सीताफळाच्या पानांनी आणि बियांनी केमोपेक्षा हजारपट वेगाने कॅन्सर मरतो. बाजारात पानांची पावडर विकणारे पण आले. बियांचं म्हणाल तर आमच्या आज्या बिया वाटून डोक्याला लावायच्या, उवा मरायच्या हे खरं. पण आमच्या गल्लीतल्या एका पोरीच्या डोळ्यात ते गेलं आणि डोळा टोमॅटोसारखा झाला, महिनाभर पट्टी. मग हे औषध का विष? याचे पण अनुरूप रेणू करतात का?

टीएलसी_प्लेट

दोन्ही, म्हणूनच तर रसायनवाल्यांना त्यात रस. बियांत ॲसिटोजेनिन नावाचे लांब शेपटीचे रेणू असतात. पेशीत ऊर्जा तयार करणारी जी यंत्रणा आहे तिचा पहिला टप्पाच ते बंद पाडतात. ऊ मरते त्यानेच, कॅन्सरची पेशी काचेच्या बशीत मरते त्यानेच, आणि डोळ्याच्या बुबुळाचा वरचा थरही त्यानेच सोलतो. बियांच्या पुडीने डोळ्याला इजा झाल्याच्या नोंदी आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. मुलींच्या डोक्याला लावणं खरंच बंद करा.

मेंदूच्या पेशींना ऊर्जा जास्त लागते, त्यामुळे त्या आधी सापडतात. कॅरिबियन बेटांवरच्या ग्वादेलूपमध्ये पार्किन्सनसारखा पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार बऱ्याच लोकांत दिसला, आणि १९९९ मध्ये त्याचा संबंध सीताफळाच्याच कुळातल्या सोरसॉपच्या फळाशी आणि पानांच्या चहाशी असावा असं तिथल्या डॉक्टरांनी मांडलं. आपल्याकडे काही लोक त्याला लक्ष्मणफळ म्हणून विकतात. म्हणून त्या पानांचा रोज काढा पिणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

हो, अनुरूप रेणू करतात. शेपूट आखूड करून, रचना सोपी करून, कॅन्सरची पेशी मरावी आणि चांगली वाचावी असा प्रयत्न आहे. अजून औषध झालेलं नाही.

बालाघाटचा

गर खायला हरकत नाही ना? सीझन तोंडावर आलाय, धंदा बुडवू नका.

टीएलसी_प्लेट

गर खा, बिया थुंका. आणि आमच्यासाठी पेटी पाठवा.

ओपीडीनंतर

लातूर. उशिरा आलो. सदाफुलीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण आठवड्यातून एखादा तरी पेशंट भेटतोच: “डॉक्टरसाहेब, गोळी सोडली, सकाळी अनशापोटी सदाफुलीची सात फुलं खातो.” साखर बघावी तर तीनशेच्या वर.

गंमत अशी की सदाफुलीतल्या कॅन्सरच्या औषधाचा शोध याच समजुतीतून लागला. जमैकात मधुमेहाला तिच्या पानांचा काढा घेत. १९५० च्या दशकात ती पानं कॅनडात डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे तपासायला गेली. साखरेवर काही म्हणावा असा परिणाम दिसला नाही, पण जनावरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड उतरल्या. तिथून व्हिनब्लास्टिन निघालं, पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन, जे १९६३ पासून लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरतात. आजही वापरतात. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. पुढे फ्रान्समध्ये त्यात बदल करून व्हिनोरेलबिन केलं, ते फुप्फुसाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरला देतात.

व्हिनक्रिस्टिन आम्ही शिरेतून मिलिग्रॅमच्या हिशेबात देतो, तरी पेशंटच्या हातापायाला मुंग्या येतात. शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळते. ज्या झाडात हे आहे त्याची फुलं अंगणातून तोडून किती खायची हे कोण ठरवणार? रेणू वेगळा काढून, मोजून, लागलं तर बदलून देण्यामागचं एक कारण हेही आहे. वैद्यबुवा रागावू नयेत.

वनौषधी_किनवट

रागावत नाही. सदाफुली अनशापोटी खा असं मीही कुणाला सांगत नाही. ते सांगणारे फेसबुकवर असतात.

परळी_पॅसेंजर

सगळं छान चाललंय, मी जरा मिठाचा खडा टाकतो. मी एम.एस्सी. केलं आणि या क्षेत्रातून पळालो. आपल्याकडच्या प्रत्येक कॉलेजात कुणीतरी चाल्कोन नावाचे रेणू बनवतंय, कुणी पायराझोल नावाचे. दोन जंतू, एक बुरशी, बशीत कागदाची चकती ठेवायची, भोवती किती मिलिमीटर जंतू वाढले नाहीत ते मोजायचं. मग निबंधात ‘हे रेणू भावी औषधं ठरू शकतात’. पुढे? पुढे प्रमोशन. तो रेणू कुपीत, कुपी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली निवृत्त. कर्क्युमिनवर तर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या रसायनतज्ज्ञांनी मोठा आढावा लिहिला, की शंभराहून जास्त मानवी चाचण्या झाल्या तरी नीट दुहेरी अंध पद्धतीने (कुणाला खरं औषध दिलं हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही न कळता) केलेल्या एकाही चाचणीत त्याचा गुण सिद्ध झालेला नाही. हा रेणू चाचणीलाच फसवतो असं ते म्हणतात. स्वतः चमकतो, धातू पकडतो, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो. मग त्याचेच भाऊबंद बनवून काय मिळणार?

टीएलसी_प्लेट

किल्ली निवृत्त हे फार लागलं. आमच्या विभागात असं एक कपाट आहे.

तो आढावा मी विद्यार्थ्यांना वाचायला लावते. जो प्रबंध फक्त चकतीभोवतीचे मिलिमीटर मोजून ‘भावी औषध’ म्हणतो त्याच्याबद्दल मला काही बचाव करायचा नाही. रेणूची रचना बघायच्या एनएमआर तपासणीसाठी नमुना बाहेर पाठवला की महिना जातो, पेशींवरची चाचणी करायला पैसे नाहीत, उंदरांचं तर नावच नको. मग जे हाताशी आहे ते मोजतात.

पण रेणू बनवणं फुकट जातं हे मान्य नाही. आपल्याच सह्याद्रीतल्या एका झाडाची गोष्ट सांगते. डायसॉक्सिलम नावाचं झाड, त्यातून रोहिटुकिन नावाचा पदार्थ मिळाला. मुंबईला मुलुंडमध्ये हेक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र होतं, तिथल्या रसायनतज्ज्ञांनी त्याच्यावरून बरेच रेणू बनवले. एका जागचा लहानसा मिथिल गट काढून तिथे क्लोरीन असलेली कडी बसवली (माफ करा, रिंग आलीच) आणि फ्लॅवोपिरिडॉल तयार झालं. पेशी विभागताना जे किनेज एन्झाइम लागतात त्यांना अडवणाऱ्या रेणूंपैकी माणसावर चाचणी झालेला हा पहिला. मुलुंडमध्ये जन्मलेला!

आणि तिथे काय झालं बघा. बशीतल्या पेशी वासराच्या सीरमवर वाढवतात. त्या हिशेबाने मात्रा ठरवली आणि सुरुवातीच्या चाचण्या पडल्या, कारण माणसाच्या रक्तातली प्रथिनं या रेणूला वासरापेक्षा जास्त घट्ट धरून ठेवतात, मोकळा राहतोच कमी. पुढे देण्याची पद्धत बदलली तेव्हा रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये इतक्या झपाट्याने पेशी मरायला लागल्या की त्यांचा कचराच रुग्णाला धोकादायक ठरू लागला. इतकं होऊन ते औषध बाजारात आलंच नाही. या वर्गातलं पहिलं मान्यता मिळालेलं औषध २०१५ मध्ये आलं, दुसऱ्या रेणूचं. पण ही एन्झाइम अडवली तर कॅन्सरवर काम होऊ शकतं हे माणसात तपासायची सुरुवात सह्याद्रीतल्या झाडाच्या या बदललेल्या रेणूने केली.

परळी_पॅसेंजर

हे मला माहीत नव्हतं. एम.एस्सी.ला कुणी सांगितलं असतं तर कदाचित पळालो नसतो. तरी कपाटाबद्दलचं मत कायम.

हळदकरी

मी पण वसमत तालुक्यातलाच. तुमचं रसायन लई झालं, दाजींच्या भावाच्या प्रश्नावर कुणीच बोलंना. आमच्याकडं मोठे व्यापारी आता कर्क्युमिनचा रिपोर्ट मागायलेत. पण मोंढ्यात अजून पण कांडी हातात घेऊन मोडतात, आतला रंग बघतात, मोडल्याचा आवाज ऐकतात, गट्टू (मधला गोल गड्डा) वेगळा काढतात आन भाव बोलतात. हळद कुकरमधी जास्त शिजली की रंग मरतो, कमी शिजली की ढोलात पॉलिशला येत न्हाई आन कीड धरती. काडी टोचून बघायची, आरपार गेली की उतरवायची. ह्यात चुकलं तर रिपोर्ट काय करणार? मला एवढंच सांगा, भाचा त्याच्या कामाला हळद कितीची घेतो? जास्त लागत असंल तर माझ्याकडं आहे.

टीएलसी_प्लेट

हळदकरी, बहुधा एक ग्रॅमसुद्धा नाही. अशा अनुरूप रेणूंची सुरुवात ॲसिटोन किंवा तसल्या कीटोनपासून आणि व्हॅनिलिनसारख्या ॲल्डिहाइडपासून होते. बाटलीबंद व्हॅनिलिन बहुतेक वेळा खनिज तेलापासून बनवलेलं असतं. तुलनेला ठेवायचं शुद्ध कर्क्युमिन तेवढं विकत घेतात, तेही मिलिग्रॅममध्ये. म्हणजे भाच्याच्या फ्लास्कमध्ये वसमतची हळद नाही, आणि त्याचं औषध झालंच तरी मोंढ्यातल्या भावाला त्याचा धक्का लागायचं कारण नाही. हळद खपते ती मसाल्याला, रंगाला, निर्यातीला.

कोरडवाहू

ज्यात हळदच नाही त्याच्यावरून ताट निवलं!

आसनाकाठ

सगळ्यांचे आभार. दाजींना वाचून दाखवलं. मेटफॉर्मिनवर ते गप्प झाले, स्वतः घेतात. फ्लास्कमध्ये हळद नाही यावर मात्र भडकले. त्यांचं म्हणणं, “मग ह्याला गावरान-हायब्रीड तरी कसं म्हणावं? हायब्रीडला निदान आईबाप लागतात.”

पेटंटची शंका माझ्या मनातून पूर्ण गेलेली नाही, पण निव्वळ पेटंटसाठी हे करतात असं आता म्हणणार नाही. टीएलसीताई, भाचा विचारतोय की त्याच्या सहा रेणूंपैकी दोन बुरशीवर ‘चांगले’ दिसलेत, पुढे काय करू? गाईड म्हणतात, लिहून टाक.

टीएलसी_प्लेट

लिहायच्या आधी त्याला तीन कामं सांगा. ते दोन रेणू सामू ७.४ च्या बफरमध्ये ३७ अंशाला ठेवून दर दहा मिनिटांनी किती उरतात ते बघायचं. यूव्ही यंत्र विभागात असतंच, खर्च नाही. दुसरं, त्याच चाचणीत शेजारी फ्लुकोनॅझोल हे बुरशीचं नेहमीचं औषध ठेवायचं आणि चकतीऐवजी किमान किती मात्रेत वाढ थांबते ते काढायचं. तिसरं, तेच रेणू चांगल्या पेशींवर, निदान रक्तातल्या लाल पेशींवर टाकून त्या फुटतात का ते बघायचं. बुरशी मरते आणि लाल पेशीही फुटतात असं निघालं तर तेही लिहायचं, लपवायचं नाही. लाल पेशींची चाचणी आमच्याकडे होते. मला विपू (इथल्या विचारपूस पानावर निरोप) करायला सांगा, नमुने कुरिअरने नको, येताना घेऊन ये म्हणावं. नंदिग्राम एक्स्प्रेसने आला तरी चालेल.

बालाघाटचा

येताना वसमतची हळद आणायला सांगा, सीताफळाची पेटी मी पाठवतो.